‘थांबवा’ म्हणायचा हक्क

मामा, कारखान्याच्या गेटवर तुमच्या श्रद्धांजलीचा जो फ्लेक्स लागला, त्यावरचा फोटो मी दिला. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेलं बटण, पाणी लावून चापून बसवलेले केस, आणि फोटोग्राफरने हलू नका म्हटल्यावर श्वाससुद्धा रोखून धरल्यासारखा चेहरा. ऑफिसातून विचारणा झाली की मामांचा चांगला फोटो कुणाकडे आहे का. मी टेबलाचा खालचा खण उघडला आणि लिफाफ्यातून तो काढून दिला. साहेबांनी मामांचा फोटो किती जपून ठेवलाय बघा, असं कुणीतरी म्हणालं. मी लिफाफा परत खणात सारला.

तो फोटो तुम्ही मला जपायला दिला नव्हता. परीक्षेच्या फॉर्मवर चिकटवायला दिला होता, पाच वर्षांपूर्वी. तो फॉर्म मी पाठवला नाही. तुम्हाला मात्र सांगितलं की पुण्याहून नकार आला, दहावी पास नाही म्हणून तुम्हाला बसता येणार नाही. नकार आलाच नव्हता. फॉर्म माझ्या खणाबाहेर पडला नव्हता. दहावीची अटसुद्धा कुठे नव्हती. ती मी तुमच्यासमोर उभ्या उभ्या बनवली.

हे लिहिताना मला रडू येत नाही. शिसारी येते. लोक जवळ येऊन खांद्यावर हात ठेवतात, तुमचा उजवा हात गेला साहेब, असं म्हणतात. उजवा हात म्हणे. माणसाला आपला हात करून ठेवणं हाच तर माझा गुन्हा.

सव्वीस वर्षं तुम्ही, सगळ्या कारखान्याचे मामा, आमच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत मशीनना तेल आणि ग्रीस देत होता. मी मेंटेनन्सचा प्रमुख, त्यामुळे अठरा वर्षं तुम्ही माझ्या हाताखाली. खरं तर पहिली दोन वर्षं मीच तुमच्या हाताखाली होतो. कॉलेजात वंगणावर एक धडा होता, तो आम्ही सगळ्यांनी ऑप्शनला टाकलेला. बेअरिंगला ग्रीस जितकं जास्त तितकं बरं, अशी माझी समजूत. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या हातातून ग्रीस गन काढून घेतलीत आणि म्हणालात, “साहेब, नरड्यापतोर जेवलेला माणूस पळंल का? तापंल त्यो. बेअरिंगचं बी तसंच हाय.” मग निप्पल पुसायला शिकवलंत. ग्रीस जिथून आत जातं ते एवढंसं तोंड, त्यावर फाउंड्रीची काळी वाळू बसलेली असते. न पुसता गन लावली की ग्रीसच्या आधी वाळू आत जाते, आणि मग ते वंगण राहत नाही, कानस होते. तुमच्या खांद्यावर दोन फडकी असायची, एक निप्पल पुसायचं, एक घाम पुसायचं. त्यांची अदलाबदल झालेली मी कधी पाहिली नाही.

हे सगळं मी तुमच्याकडून घेतलं आणि पुढे इंजिनिअर म्हणून मिरवलो. त्याबद्दल तुमची तक्रार नव्हती. शिकलेलं दुसऱ्याला द्यायचंच असतं, असं तुमचं म्हणणं.

तुमच्या हाताची ख्याती पसरवली तीही मीच. बाहेरची माणसं कारखाना बघायला आली की मी तुम्हाला बोलावून घ्यायचो. गिअरबॉक्समधलं थोडं तेल तुमच्या बोटावर घ्यायला लावायचो. तुम्ही ते अंगठ्यावर चोळायचा, नाकाशी न्यायचा, आणि आत पितळ झिजतंय की पोलाद ते सांगायचा. पाहुणे थक्क व्हायचे. आमचे मामा म्हणजे चालती-बोलती लॅब, हे माझं ठरलेलं वाक्य. मग तुम्ही हात पुसत निघून जायचा. एकदा पाहुणे गेल्यावर तुम्ही मला म्हणालात की साहेब, मला असं बोट दावायला लावत जाऊ नका, सॅम्पल बाटलीत भरून लॅबला पाठवा. माझं बोट चुकलं तर तुम्हाला कळायचं कसं. मला तो तुमचा विनय वाटला. तो विनय नव्हता. तुम्हाला काम नीट व्हायला हवं होतं. प्रत्येक ग्रीसला वेगळी गन, डब्यावर नाव, झाकणावर रंग, कुठल्या मशीनला काय आणि किती याची पाटी, हे तुम्ही वर्षानुवर्षं मागत होता. आणि मी पाहुण्यांना तुमचं बोट दाखवत होतो.

त्या परीक्षेची माहिती तुम्हीच आणलीत. मशीनच्या वंगणाचं काम करणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र मिळतं, पुण्यात परीक्षा होते, कंपनीने अनुभवाचा दाखला आणि सही द्यायची. शेजारच्या कारखान्यातला एक जण बसून आला होता, त्याच्याकडून तुम्ही फॉर्म आणलात, हातकणंगल्याच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढलात, आणि एका सोमवारी सकाळी सगळं लिफाफ्यात घालून माझ्या टेबलावर ठेवलंत. तुमच्या अक्षरात नाव लिहिलेलं होतं. दोनदा गिरवलेलं.

सही करायला किती वेळ लागतो? मी पेन उघडलंही होतं. मग डोक्यात आलं की हा कागद हातात आला की मामा इथे कशाला राहतील. दोन वर्षांत आपली तीन चांगली माणसं शेजारच्यांनी नेली होती. शिवाय, आता खोटं नको, आणखी एक गोष्ट होती. तुमचं कौशल्य माझ्या सांगण्यातून जगाला कळत होतं. कागद आला असता तर तुम्हाला माझ्या कौतुकाची गरज उरली नसती. मी पेनाला टोपण लावलं आणि लिफाफा खणात टाकला.

तुम्ही महिनाभर विचारत राहिलात. आलं का काही, साहेब? शेवटी मी ते दहावीचं सांगितलं. तुम्ही सातवी शिकलेले. तुमचा चेहरा उतरला, पण तुम्ही माझ्यावर संशय घेतला नाही. स्वतःवर घेतलात. “मग बरोबर हाय त्येंचं,” म्हणालात. हे वाक्य आठवलं की मला माझ्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

आणि त्यानंतर मी काय केलं, तर तुमचा सत्कार. खंडेनवमीला मशीनना हार घालण्याआधी मामांच्या डोक्यावर फेटा बांधायचा, अशी नवीन पद्धत मी सुरू केली. शाल, नारळ, टाळ्या. फेट्याचा रंगही मी निवडायचो. पहिल्या वर्षी टाळ्या थांबल्यावर तुम्ही माझ्या कानाशी येऊन हसत म्हणालात, “फेटा सांजच्याला सोडावा लागतोय साहेब. कागुद ऱ्हातोय.” मी तुमच्या पाठीवर थाप मारली. काय माणूस आहे, असं इतरांना सांगितलं.

पन्हाळ्याच्या सहलीत आपला या विषयावर वाद झाला, तो अर्धाच राहिला. तटावर बसून आपण कणसं खात होतो. खाली धुकं होतं, काही दिसत नव्हतं, आणि तरी सगळे खाली बघत होते. मी तेच जुनं लावलं की सर्टिफिकेट घेतलेले कितीतरी गाढव मी पाहिलेत, तुमच्यासारख्याच्या हाताला कागद कशाला. तुम्ही कणीस खाली ठेवलंत. म्हणालात, “माझा साडू साखर कारखान्यात बॉयलरवर हाय. सर्टिफिकेटवाला. त्यो न्हाई म्हटला की बॉयलर पेटत न्हाई, मग चेअरमन येऊ दे न्हाईतर चेअरमनचा बा. आन मी म्हटलं मशीन थांबवा, तर काय म्हणत्यात? मामा, च्या घ्या.”

मी म्हणालो की बॉयलर फुटला तर माणसं मरतात, ग्रीसने कोण मरतंय.

“मग माणूस मरंस्तवर आमची किंमत न्हाई म्हणा की,” असं म्हणून तुम्ही पुन्हा कणीस उचललंत. आजूबाजूचे हसले. मीही हसलो. कुणीतरी बसमध्ये चला म्हणून हाका मारायला लागलं आणि वाद तिथेच राहिला. मी तो जिंकलो असं मला बरेच दिवस वाटत होतं, कारण शेवटी हसलो मी होतो.

तुम्हाला काय हवं होतं ते त्या दिवशी तुम्ही स्वच्छ सांगितलं होतं. पगारवाढ नाही, मान नाही, भिंतीवर लावायची चौकट नाही. तुम्ही ‘थांबवा’ म्हणालात की मशीन थांबावं, एवढंच हवं होतं. आणि मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मग मिक्सरचं झालं. वाळू मळायचा मोठा मिक्सर. तो बंद तर साचे बंद, साचे बंद तर सगळी लाइन बंद. सकाळी नऊच्या सुमाराला तुम्ही त्याच्या गिअरबॉक्सच्या तेल बघायच्या काचेत बघितलंत आणि धावत आलात. प्रॉडक्शन मॅनेजर आणि मी उभे होतो. “तेल दुधावाणी झालंय. आत पाणी गेलंय. आत्ता थांबवा.” मॅनेजर घड्याळाकडे बघून म्हणाला, “मामा, तुम्ही इंजिनिअर कधी झालासा? शिफ्ट संपू दे की.” तुम्ही त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिलात. तेलात पाणी मिसळलं की ते दुधासारखं दिसतं आणि त्याची पकड जाते, हे मला माहीत होतं. तुम्हीच शिकवलं होतं. मी म्हणालो, जेवणानंतर बघू.

जेवणाची सुट्टी व्हायच्या आत गिअरबॉक्स जाम झाला. आतले दात मोडून पडले. तीन दिवस लाइन बंद.

ज्यांना आम्ही माल देतो त्या कंपनीने लेखी कारण मागितलं. तो रिपोर्ट मी लिहिला, इंग्रजीत. एका रकान्यात मूळ कारण लिहायचं असतं. तिथे काय लिहायला हवं होतं? वंगण कामगाराने वेळेवर सूचना दिली, मेंटेनन्स प्रमुखाने ती मानली नाही. दोन ओळींचं काम. मी लिहिलं की वंगणाचं काम प्रमाणपत्र नसलेल्या कामगाराकडे होतं. त्या कंपनीच्या साहेबाला ते फार पटलं. सुधारणेच्या रकान्यात लिहिलं की आता प्रमाणपत्रधारक माणूस नेमू.

मामा, तुम्ही प्रमाणपत्र मागत होता तेव्हा मी म्हणत होतो की तुमच्यासारख्याला त्याची गरज नाही. आणि दोष द्यायची वेळ आली तेव्हा तुमच्याकडे ते नाही, हाच दोष काढला. ज्या कागदाअभावी तुम्हाला दोषी ठरवलं, तो कागद मिळू नये म्हणून मीच लिफाफा दाबून बसलेलो. ज्या टेबलावर बसून मी तो रिपोर्ट लिहिला, त्याच्याच खालच्या खणात तो होता. लिहिताना माझा गुडघा त्या खणाला लागत होता. इतका नीच माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि दाढी करताना त्याचं तोंड रोज बघावं लागतं.

तुम्हाला स्टोअरला पाठवलं. हातमोजे, साबण, पुसायच्या चिंध्या द्यायच्या खिडकीवर. वयाच्या मानाने हलकं काम, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाही.

तुमच्या जागी सुवर्णा आली. चंदगडकडची, डिप्लोमा झालेली, ती परीक्षा पास झालेली. लोकांनी पहिले आठ दिवस तिच्या मागे टिंगल केली, की ही पोरगी ग्रीसमध्ये हात घालणार म्हणे. दुसऱ्या आठवड्यात तिने हायड्रॉलिक प्रेसच्या टाकीत बघितलं आणि येऊन सांगितलं, तेल दुधाळ झालंय, पाणी गेलंय, थांबवा. तेच वाक्य, मामा. तोच मॅनेजर. त्याने डोकं खाजवलं, तिच्या ओळखपत्राकडे बघितलं, आणि म्हणाला, मॅडम म्हणतायत तर थांबवा. दहा मिनिटांत प्रेस बंद. तेल बदललं, संध्याकाळी चालू झाला. काहीच मोडलं नाही.

तुमची खिडकी समोरच होती. तुम्ही सगळं बघितलंत. मी जवळून जायला लागलो तसं तुम्ही मला थांबवून म्हणालात, “बगितलंसा? थांबलं.” मी तुमच्या चेहऱ्यावर टोमणा शोधत होतो, राग शोधत होतो. तुम्ही नुसते खूश होता. मशीन वाचलं म्हणून, आणि तटावर बसून जे म्हणाला होता ते खरं निघालं म्हणून. मला तो आनंद सहन झाला नाही. मी मान हलवून पुढे गेलो.

सुवर्णा रोज तुमच्या खिडकीवर यायची. कुठला पंप पावसाळ्यात त्रास देतो, कुठल्या निप्पलमागे अजून एक लपलेलं निप्पल आहे, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. तुम्ही सगळं दिलंत तिला. आणि तिने डब्यांना नावं लावली, झाकणं रंगवली, गन वेगळ्या केल्या, सॅम्पल लॅबला पाठवायला सुरुवात केली. तुम्ही पंधरा वर्षं मागत होता ते तिला पंधरा दिवसांत मिळालं. कुणी विचारलंही नाही की हे सगळं कशाला.

मार्च महिन्यात तुम्ही रजा घ्यायचा, सलग दोन-तीन वर्षं. सुट्टे सुट्टे दिवस. मी सगळ्यांसमोर चेष्टा करायचो, मामा, तुमच्या गावात मार्चमध्ये कुठला उरूस असतो? तुम्ही म्हणायचा, पावण्यांच्यात काम हाय. एवढं कसलं काम, कुठली पावणी शोधलीय का काय, असंही मी एकदा म्हणालो. लोक फिदीफिदी हसले. तुम्ही सही करून रजेचा अर्ज पुढे सरकवलात.

आणि मग गेल्या पावसाळ्यातली ती दुपार. मी स्टोअरला हातमोजे घ्यायला आलो होतो. तुम्ही जोड शोधता शोधता सहज विचारावं तसं विचारलंत, “साहेब, माझ्या त्या फॉर्मवर त्यांनी शेरा काय मारलाता?” मला क्षणभर कळलंच नाही कशाबद्दल बोलताय. मग कळलं.  मी म्हणालो, हेच की, दहावी नाही. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, जरा जास्तच वेळ. मग “बरं” म्हणालात आणि हातमोजे माझ्यापुढे ठेवलेत.

त्या ‘बरं’चा अर्थ मला तुम्ही गेल्यावर कळला.

तुम्ही सकाळी कामावर यायला निघता निघता, बूट घालताना बसल्या जागी गेलात. निवृत्तीला सात महिने होते. तिसऱ्या दिवशी जियारतीला, तुमच्यासाठी दुआ मागायला सगळे जमले तेव्हा, मी आलो होतो, पुरुषांच्या रांगेत मागे बसलो, लवकर उठलो. चौथ्या दिवशी कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली. दोन मिनिटं उभं राहणं झालं आणि मग साहेब बोला, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोललो. ते बोट, ते तेल, ती चालती-बोलती लॅब. पाठ होतं मला. शेवटी मी म्हणालो, अशा माणसाला कुठल्या सर्टिफिकेटची गरज नसते. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, मामा. माझ्या आवाजात तो लबाड गहिवर मला स्वतःला ऐकू येत होता, आणि तरी मी थांबलो नाही. तुमच्या मयतीवरही मी तुमचं बोट दाखवून घेतलं.

सुवर्णाने टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर ती कॉम्प्रेसर रूमच्या दारात मला भेटली. डोळे लाल होते, पण आवाज अगदी कोरडा. ती म्हणाली, गेल्या पावसाळ्यात मामा तिच्याकडे दहावीची गुणपत्रिका घेऊन आले होते. बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून बसले होते. आता पास झालोय, आता परीक्षेचा फॉर्म भरता येईल, म्हणून विचारायला आले होते.

“मी त्यांना सांगितलं,” ती म्हणाली, “की मामा, दहावीची अट कधीच नव्हती. तर म्हणाले, थांबा मॅडम, साहेबास्नी विचारतो. नंतर भेटले ते गप्पच. मी म्हटलं, आपण नव्याने भरू. तर म्हणाले, सही त्यांचीच लागती न्हवं? ऱ्हाऊ द्या.”

ती निघून गेली.  म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्हाला शेरा जाणून घ्यायचा नव्हता. तुम्ही मला खरं बोलायची एक संधी देत होता, खिशात पास झालेली दहावी घेऊन. आणि मी पुन्हा तेच खोटं बोललो. त्यावर तुम्ही हातमोजे दिलेत.

तुम्ही भांडायला हवं होतं. चार लोकांत माझी लाज काढायला हवी होती. हा माझा तुमच्यावरचा राग आहे आणि तोही किळसवाणा आहे, हे मला कळतं. माझी घाण तुम्ही धुवावी, अशीच ती अपेक्षा.

तो जुना रिपोर्ट चुकीचा आहे, मूळ कारण मी होतो, असं पत्र दुसऱ्या दिवशी मी वर दिलं. गेलेल्या माणसासाठी आता जुन्या फायली कशाला उघडता, असा तोंडी निरोप आला. पत्र परत घेतलेलं नाही. पण कागद देणं सोपं होतं. ज्यांना तोंड दाखवायचं होतं, ते घर हातकणंगल्याला होतं.

काल दुपारी आलो. तुमची सून दारात होती. मामी इद्दतीत, नवरा गेल्यावर परक्या पुरुषासमोर न येण्याच्या मुदतीत, म्हणून आतल्या खोलीत, दारावर पडदा. मी बाहेरच्या पलंगाशेजारी खुर्चीवर. सुनेने चहा आणला. भिंतीला टेकून फळी होती, तिच्यावर दहावीची पुस्तकं ओळीने, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. माझी नजर तिथे गेलेली बघून ती म्हणाली की गणित ती शिकवायची, इंग्रजी मामा स्वतः पाठ करायचे, भाकरी खाताना समोर पुस्तक. गणितात दोनदा गेले. शाळेत पोरांमध्ये बेंचवर बसताना गुडघे मावायचे नाहीत, तर आडवं बसून पेपर लिहायचे.

पडद्याआडून मामी बोलल्या. आवाज घोगरा होता, पण त्यात रडणं नव्हतं. गणितात पस्तीस पडले तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत, असं त्यांनी सांगितलं. कारखान्यात मात्र गवगवा करायचा नाही, साहेबांना मी स्वतः सांगणार, असं तुम्ही बजावलं होतंत म्हणे.

मी चहा खाली ठेवला.

“तुम्हांस्नी सांगायला म्हणून गेलते त्या दिवशी,” मामी म्हणाल्या. “आले ते गुमान झोपले. मी किती खोदून विचारलं. एवढंच म्हणाले, माझंच शिक्षान कमी पडलं. साहेब, मला एक सांगा. दहावी झालीती की त्यांची. मग आनि काय कमी पडलं हो?”

तुम्ही घरातही माझं नाव घेतलं नव्हतंत. सून दाराला धरून उभी होती, तीही वाट बघत होती. मला वाटलं, अजूनही म्हणता येईल की वय झालं होतं, नियम बदलले, पुण्याचे लोक तसेच. जिभेवर सगळं तयार होतं. इतक्या वर्षांत ती जीभ तेवढंच शिकली होती. पडद्याकडे तोंड करून मी खुर्चीवरून उठलो. बसून बोलणं जमेना.

“मामी,” मी म्हणालो, “काहीच कमी पडलं नव्हतं. दहावीची अट नव्हतीच. त्यांचा फॉर्म मी पाठवला नाही, आणि नकार आला असं खोटं सांगितलं. ते पास झाले असते तर मला सोडून गेले असते, म्हणून. मिक्सर मोडला तो माझ्यामुळे, आणि नाव त्यांचं घातलं. गेल्या पावसाळ्यात त्यांनी विचारलं, तेव्हाही मी खोटंच बोललो. त्यांना ते कळलं होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, मी सांगतोय. त्यांचं कौतुक करत मी त्यांना दाबून ठेवलं, त्या कौतुकाचीही मला लाज वाटते. तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणत नाही. पण मामा कमी पडले, असं या घरात कुणी पुन्हा म्हणू नका. मी चुकलो. त्यांच्यापुढे म्हणायचं होतं, ते तुमच्यापुढे म्हणतोय. मी चुकलो.”